आमच्या रस्त्यावरून गेलेली रेघ

आयर्लंडमध्ये नगरसेवक व्हायला इथलं नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलात की पुरे. हे कळलं त्या दिवसापासून माझ्या बायकोच्या डोक्यात ते खूळ शिरलं. ती टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि घर तिथून लांब, ल्यूकनला, त्यामुळे शेजाऱ्यांना ती दिसायची ती गाडीत बसताना, नाहीतर उतरताना. "इतकी वर्षं राहतोय, पण पाहुण्यासारखे. मला इथली व्हायचंय रे," ती म्हणाली. मी हसलो. तिने मनावर घेतलं.

सुट्टीच्या दिवशी ती वसाहतीत दारोदार फिरू लागली. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं होतं, त्यासाठी सह्या गोळा करायच्या होत्या. कुणाच्याही घरात शिरताना ही आधी बूट काढायची, आणि "अगं, राहू दे, राहू दे" म्हणत आयरिश बायका ओशाळायच्या. पहिली सही समोरच्या घरातल्या आजींची. हळूहळू लोक तिला नावाने हाक मारू लागले, आणि पुढच्या निवडणुकीत तिला उभं करायचं हे एका पक्षाने जवळजवळ पक्कं केलं.

नेमकी तेव्हाच सीमा नव्याने आखायची वेळ आली. वस्ती वाढली की इथे एक स्वतंत्र आयोग मतदारसंघांचा नकाशा पुन्हा काढतो. कुणाला काही म्हणायचं असेल तर मुदतीत लेखी कळवायचं. आमची वसाहत मधोमध चिरली जाणार अशी कुजबुज होती. बायको लॅपटॉप उघडून पत्र लिहायला बसली. माझे सासरे तेव्हा सांगलीहून आले होते. तालुक्याच्या राजकारणात मुरलेला माणूस.

"कागदं लिवून कुठं कामं हुत्यात व्हय?" ते म्हणाले. "मानसाला गाठ की, पोरी."

आम्हालाही ते पटलं. हरकती आणि सूचना म्हणजे आधीच ठरलेल्या गोष्टीवर चढवलेला मुलामा, हे आम्ही कळत्या वयापासून बघत आलेलो. मग बाकरवडीचा डबा घेऊन आम्ही तिघं इथल्या आमदाराला, म्हणजे टीडीला, भेटायला गेलो. भला माणूस. त्याने बाकरवडी आवडीने खाल्ली, सासऱ्यांबरोबर फोटो काढला, आणि निघताना म्हणाला, "लीव्ह इट विथ मी."

"झालं काम," गाडीत बसताना सासरे म्हणाले. पत्र तसंच अर्धवट राहिलं आणि मुदत टळून गेली.

त्या आमदाराच्या हातात काही नव्हतंच. आयोग त्याचं ऐकत नाही, आलेली पत्रं वाचतो. खरोखर वाचतो! नकाशा आला तेव्हा रेघ आमच्या रस्त्याच्या मधून गेलेली होती. पलीकडच्या वसाहतीतल्या लोकांनी भरभरून पत्रं लिहिली होती. त्यांची वसाहत अखंड राहिली. मला त्या आमदाराचा राग आला, सासऱ्यांचा आला, आणि ज्या शहाणपणावर आम्ही वाढलो त्याचा सगळ्यात जास्त आला.

बायकोला पक्षातून फोन आला. तिची माणसं आता दोन मतदारसंघांत वाटली गेली होती, आणि दोन्हीकडे दुसरी नावं पुढे होती. "नो बॉदर, ग्रँड," काही हरकत नाही, असं ती इथल्यांसारखं म्हणाली. मग डिशवॉशर असताना हाताने भांडी घासत बसली.

"पोरी, म्या अडवलं तुला," सासरे म्हणाले. त्यांनी पुढचं ताट बाजूला सारलं.

"नाही हो अण्णा. कुणी वाचेल असं आपल्यापैकी कुणालाच वाटलं नाही."

मतदानाच्या दिवशी दुपारी समोरच्या आजी काठी टेकत आल्या. आपण निवडणुकीला उभी नाही, हे त्यांना सांगायला बायकोची जीभ रेटली नव्हती. इथे मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो असतात.

"लव्ह, तुझा फोटो शोधला मी," त्या म्हणाल्या. "चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नव्हतीस तू."

"मग मत कुणाला दिलंत?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. कागद कोराच घडी करून पेटीत टाकला. मी तुला द्यायला गेले होते."

इतके महिने बायकोच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती दारातच खाली बसली आणि आजींचा हात धरून लहान मुलीसारखी रडली.