बायकोच्या तळव्याचं कुरूप

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचे पाय मी कधी हातात घेतले नव्हते. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला तर पाप तिला लागतं, असं तिच्या माहेरी, पडघ्याकडे, पक्कं मानतात. माझे पाय ती खुशाल चेपून द्यायची. तिच्या पायांकडे मी नुसतं पाहिलं तरी साडी खाली ओढायची.

माझे कापडाचे लूम बंद पडले आणि ती मानकोलीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायला लागली. सगळी शिफ्ट उभ्याने, पायात तिथलेच जड बूट. करंगळीखाली तळव्याला कुरूप झालं. शेजारीण म्हणाली बिब्बा लावा, कोणी म्हणालं ब्लेडने कापा. डॉक्टरीणबाईंनी दोन्हींना नको म्हटलं. कोमट पाण्यात पाय बुडवायचा, मऊ झालं की वजरीने हळूहळू घासायचं, वर खोबरेल. पण लंगडून लंगडून तिचा गुडघा धरलेला. स्वतःच्या तळव्यापर्यंत हात पोचणार कसा?

"मी घासतो," म्हणालो.

"न्हाय वो, पाप लागंल मला."

"आणि लंगडत ड्युटीला जाणं हे पुण्य हाय का?"

तोड तिनेच काढली. रविवारी मी पाटावर बसलो की आधी वाकून माझ्या पाया पडायची, "फिट्टंफाट" म्हणायची आणि मग स्टुलावर बसून पाय माझ्या मांडीवर ठेवायची. पाय गरम पाण्याने लाल झालेला असायचा. मी घासत राही आणि ती बोलत राही. लहानपणी वज्रेश्वरीच्या कुंडात पाय भाजून घेतला होता, हे मला तेव्हा कळलं. एरवी आमचं बोलणं म्हणजे किराणा आणि लाइटचं बिल.

मग डॉक्टरीणबाईंनी बूट बघायला मागितले. पाच नंबर, घट्ट. उभं राहून पाय पसरतो, सहा घ्या म्हणाल्या. ही ऐकेना. "सहा म्हंजे गड्याचा पाय!" मीच मागे लागलो, मीच तिला सुपरवायझरकडे पाठवलं. शहाणपणा नडला म्हणतात तो असा. सैल बुटांत कुरूप हळूहळू गेलं, चाल सरळ झाली, गुडघाही वळायला लागला. तिचं दुखणं गेलं, बरंच झालं. पण त्या पायाचं मांडीवरचं वजन मला हवंहवंसं वाटतं, आणि या वयात हे कोणाला सांगणार?

गेल्या रविवारी मी पाणी तापवलं, पाट मांडला.

"आता कशाला?" ती म्हणाली.

"घासत राहिलं न्हाय तर परत येईल."

"मग मी घासते की. माझं मला जमतंय आता. उगा पाप कशाला?"

बादली उचलून ती न्हाणीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून वजरीची खरखर येऊ लागली. मी पाटावर बसून ऐकत होतो.

"जमतंय का गं?" मी विचारलं.

"जमतंय की," ती म्हणाली.