सेफ्टी बेल्टचं जुनं माप

मैत्रिणींनो, ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा कंपनीच्या पावणे इथल्या प्लांटमध्ये टाकीवर चढले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. खांदे आणि पाठ सतत दुखायची, म्हणून मी स्तनांचा आकार कमी करून घेतला. ऑफिसात मात्र हर्नियाचं ऑपरेशन असं सांगितलंय.

चढण्याआधी आमच्याकडे सहकाऱ्याने बेल्ट तपासायचा असतो. सलमाताईंनी छातीवरचा पट्टा ओढला. तो जुन्या मापाचा, चांगलाच ढिला निघाला.

"हर्नियात इथलं कमी होतं का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

मी हातमोजे चढवू लागले.

त्यांनी पट्टा घट्ट केला. "दुखतंय?"

"नाही."

"मग चढ. पुढच्या वेळी पटेल असं खोटं बोल."

त्या कुणाला सांगणार नाहीत. तरी घरी आल्यापासून चैन नाही. गुडघ्याचं ऑपरेशन असतं, तर मी लपवलं असतं का? ज्यांचं हेच ऑपरेशन झालंय, त्या तुम्ही कुणाला खरं सांगितलंत?