पुढचे थकलेले शॉक

गाडीचं बॉनेट दोन्ही हातांनी दाबायचं, सोडायचं आणि ती किती वेळा डुलते ते मोजायचं. एकदा डुलून थांबली तर शॉकॲब्सॉर्बर ठणठणीत, तीनदा डुलली तर थकलेले. तीस वर्षं मिस्त्रीचं गॅरेज याच परीक्षेवर चाललं होतं. बायको जाऊन आठ महिने झाले, पण स्वतःला असं दाबून बघायची सोय नव्हती. भेटायला आलेले लोक रडून गेले, हा त्यांना पाणी देत राहिला. रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती, आणि लागली तरी कळत नव्हती.

उरली होती लेक आणि तिची शर्यतीची गाडी. सरळ रस्त्यावर चारशे मीटर, वळण नाही की वळसा नाही. बापलेकीचं बोलणं आता त्या गाडीपुरतंच राहिलं होतं, आणि गाडी तर धड निघत नव्हती. दिवा हिरवा झाला की मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, धूर व्हायचा, तोवर शेजारची गाडी पसार. या रविवारीही असंच झालं तर गाडी विकून टाकते, असं लेकीनं सांगून टाकलं. मिस्त्री ‘बरं’ म्हणाला. मग जेवताना बोलायचं काय, हा प्रश्न त्याला पडला आणि तिथेच पडून राहिला.

दुकानदारानं चारही चाकांना महागडे शॉक सुचवले. मिस्त्रीनं फक्त मागची जोडी घेतली, साधी पण कडक. पुढे त्याला नवं काही नकोच होतं. सुटताना गाडीचं नाक झटकन वर आलं की भार मागे जातो आणि मागची चाकं रस्ता धरतात, आणि नाक झटकन वर यायला पुढचे शॉक ढिलेच बरे. तुमचं सगळं उफराटंच, असं दुकानदार म्हणाला. भंगारात दोन जोड्या मिळाल्या. एक गळकी, दुसरी जाम.

हवी तशी जोडी कुठे आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. घरामागे, कापडाखाली, बायकोच्या गाडीत. दोन्ही गाड्या एकाच साच्यातल्या. लोकांच्या गाड्या नीट करता आणि माझी तेवढी होडीसारखी डुलते, असं ती पाच वर्षं सुनावत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढच्या आठवड्यात बदलतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

शनिवारी सकाळी त्यानं कापड काढलं आणि बॉनेट दाबलं. चारदा डुलली. गंजलेले नट तेल सोडून सोडवले, शॉक काढले, पुसले आणि लेकीच्या गाडीला बसवले. हात सराईतासारखे चालले. आत काही हललं नाही.

रविवारी दिवा हिरवा झाला, नाक वर आलं आणि धूर झालाच नाही. गाडी सरळ निघाली, ती शेजारच्या गाडीच्या पुढेच राहिली. परतल्यावर हेल्मेट काढत लेकीनं विचारलं, पुढे असं बसवलंत तरी काय. त्यानं सांगितलं.

मग तिनं दोन्ही हातांनी बॉनेट दाबलं आणि सोडलं. दोघांनीही मनात मोजलं.

“आई म्हणायची तश्शीच डुलते,” ती म्हणाली.

“बदलायचे राहून गेले गं,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला.

लेकीनं त्याचा तेलकट हात धरला. “आता राहू द्या, बाबा.”