देवी आली, असं मी सांगितलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. देवळात उभा राहतो तेव्हासुद्धा डोळे मिटून दुसरंच काहीतरी पुटपुटतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. चौथीपर्यंत शिकलोय, लिहायची सवय नाही. चार ओळी होईपर्यंत चहा थंड होतो. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेता आलं असतं — पण मग त्याला सांगावं लागलं असतं.

मी वर्सोव्याचा. तांडेल होतो. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा. बोट आता नाही, पण गल्लीत अजून सगळे तांडेलच म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. मुलगा गेला, त्याला बारा वर्षं झाली. घरात सून सुमन, ती बाजारात मासळी विकते, आणि नात मनाली. मनालीची मालाडला नोकरी होती, फोनवर परदेशातल्या लोकांशी बोलायची. मी बाजूला बसून ऐकायचो. एक अक्षर कळायचं नाही, पण छाती फुगायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे लग्नाच्या आधी वाजतगाजत देवीला आमंत्रण द्यायला जातात. तिथे वाजायला लागलं की कोणाच्या तरी अंगात येतं. वारं म्हणतो आम्ही त्याला. मग नारळ घेऊन पुढे कोण होणार? घराण्यातला मोठा. तो मनगट धरणार, डोळ्यांत बघणार आणि सांगणार — वारं खरं की खोटं. खरं म्हटलं की कोणी हात लावायचा नाही. आपणहून उतरेपर्यंत उचलायचं नाही, हलवायचं नाही. चाळीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं. कितीतरी सोंगं मी चारचौघांत उघडी पाडली. माझी खूण साधी होती: खरं वारं असलं की माणसाचे हात गार पडतात. मी हे सगळ्यांना सांगत फिरायचो. त्याचाही गर्व होता.

लग्न माझ्या पुतण्याचं होतं. त्याच्या महिनाभर आधी घराची चावी शोधताना मी मनालीच्या पर्समध्ये हात घातला. चिमुकली प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत गुलाबी गोळ्या, लहान पोरांच्या गोळ्यांसारख्या, वर हसरा चेहरा कोरलेला. मी अडाणी असलो तरी आंधळा नाही. तिला माडीवर बोलावलं, दार लावलं.

आधी म्हणाली अंगदुखीच्या आहेत. मग रडली. मग म्हणाली, पार्टीत घेते कधीतरी, ऑफिसातले सगळेच घेतात. सगळी माणसं एकदम जवळची वाटायला लागतात, कितीही नाचलं तरी दमायला होत नाही. मी विचारलं, आणि त्याच्यानंतर? तर म्हणाली, काही नाही, जबडा आवळतो जरा, दात कचकचतात, अंग तापतं, तहान लागते.

"आणि आजोबा, तुम्ही नाय का होळीला दोन-दोन बाटल्या रिकाम्या करत? तेव्हा कोण दार लावून रडवतं तुम्हाला?"

हसू आलं होतं मला, ते दाबलं. डोक्यावर हात ठेवून तिच्याकडून शपथ घेतली, पिशवी खाडीत फेकली. झालं, असं मला वाटलं. सुमनला सांगितलं का? नाही. कोणाला विचारलं का, या गोळीने काय होतं, किती वाईट होतं? नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की माझ्या घरात ती आली.

कारण त्याच्या आदल्या वर्षी मी एक काम करून बसलो होतो. आमच्या गल्लीतला बाळकृष्ण, माझ्याबरोबर वीस वर्षं बोटीवर होता. त्याचा पोरगा पावडर ओढताना सापडला. मी सगळ्या गावासमोर उभा राहून म्हणालो की यांच्या घरी कार्याला कोणी जाऊ नका. घरातल्या मोठ्याला वचक नसला की असली पोरं निपजतात. बाळकृष्ण मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या बायकोने हात जोडले होते. मी थांबलो नाही.

सांगतोय. येतोय त्या दिवसावर. हात जड होतो मधेच.

मे महिना, दुपारचे चार. बायका दाराशी ओरडत होत्या, तांडेल, पागोटं बांधून झालं की नाही, देवी तुला नवरा म्हणून बघायला बसलीय का? बेंजोवाले घामाने निथळत होते. मनाली हिरव्या लुगड्यात नाचत होती. निघायच्या आधी ती आली आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. म्हणाली, आजोबा, तुम्ही मला किती आवडता, माहितीय का तुम्हाला? असं ती कधी बोलायची नाही. आमच्याकडे कोणी कोणाला असं बोलत नाही. मला इतकं बरं वाटलं. मग तिचे डोळे बघितले. बुबुळं मोठी, नुसती काळी. जबडा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होता.

तेव्हाच कळलं होतं. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही. तेव्हाच कळलं होतं, आणि मी पागोटं नीट केलं आणि पुढे चालायला लागलो.

तासभर नाचली ती. तसल्या उन्हात. बाकीच्या पोरी सावलीला जाऊन बसत होत्या, ही बसेना. देवळापुढे पोचलो आणि ती एकाएकी उभी राहिली. ताठ. मान हलते, दात वाजतात, नजर कुठेतरी वर. एका बाईने हात जोडले. दुसरी म्हणाली, आली, देवी आली. बेंजोवाल्यांनी ठेका वाढवला. कोणी हळद उधळली, कोणी कुंकू लावलं. सुमन रडायला लागली, भक्तीने. आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी नारळ घेऊन पुढे झालो. मनगट धरलं.

तव्याला हात लागल्यासारखं झालं. घामसुद्धा सुकला होता. माझीच खूण, चाळीस वर्षं सांगितलेली — खरं असलं की हात गार. तो हात भाजत होता. मग काय बोलायला हवं होतं मी? दोन शब्द. खोटं आहे. एवढंच. लोकांनी तिला सावलीत नेलं असतं, पाणी ओतलं असतं, रिक्षात घातलं असतं.

समोर गर्दीत बाळकृष्ण उभा होता. नुसता बघत होता.

मनालीने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि कानात काहीतरी सांगितलं. लोकांनी विचारलं, काय म्हणते, काय म्हणते? मी म्हणालो, "देवी पाणी मागते. वारं खरं आहे. हात लावू नका कोणी."

आणि कोणी लावला नाही. तांडेलचा शब्द होता ना. तीन गाणी वाजली. मी मोजली, कारण दुसरं काही करायची हिंमत नव्हती. तिला तांब्याने पाणी पाजलं, ते ती घटाघटा पीत होती. मी मनात म्हणत होतो, उतरेल, चार तासांनी उतरतं असं माडीवर तीच म्हणाली होती. तिसऱ्या गाण्यात ती पडली आणि हातपाय झाडायला लागली. तोंडातून फेस. लोक पाया पडत होते तिच्या. मग मी ओरडलो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. बर्फ लावत, सुया टोचत एकीकडे विचारत होती, हिने काही घेतलंय का? खरं सांगा आजोबा, मी पोलीस नाही, मला औषध ठरवायचंय. सुमन बाजूला उभी होती. मी म्हणालो, उन्हात नाचली, अंगात आलं होतं. तिने परत विचारलं. मी आवाज चढवला. आमचं घर तसलं नाही, म्हणालो. एवढी शिकलेली डॉक्टरीण, पण गप्प बसली. माझा आवाजच तसा आहे. आयुष्यभर त्यानेच माणसं गप्प केली.

दुसऱ्या दिवशी तपासणीत निघालं. तिने मला एकट्याला बोलावून समजावलं, शाळेतल्या मुलाला समजवावं तसं. ही गोळी अंगातली उष्णता वाढवते आणि उतरू देत नाही. त्यात ऊन, त्यात नाच. अंग इतकं तापतं की मांस आतल्या आत विरघळतं आणि ते जाऊन किडनीत अडकतं. बाटलीतली लघवी दाखवली — काळ्या चहासारखी. नुसतं पाणी पाजत राहिलात तेही घातक, म्हणाली, रक्तातलं मीठ उतरतं, झटके येतात. मी विचारलं, लवकर आणली असती तर? ती म्हणाली, प्रत्येक मिनिटाचा फरक पडतो. एवढंच. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कागद इंग्रजीत होते. सुमनला इंग्रजी येत नाही. मी तिला सांगितलं, उष्माघात.

मनाली वाचली. किडन्या नाही वाचल्या. तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस मी तिला अंधेरीला मशीनवर नेतो. डाव्या हातात नस जोडलीय, तिथे बोट ठेवलं की घुरघुरतं, मांजर झोपल्यासारखं. दिवसाला मोजून पाणी. मे महिन्यात ती एक बर्फाचा खडा जिभेवर ठेवून अर्धा तास बसते. मी तिच्यासमोर पाणी पीत नाही, पण त्याने काय भरून निघणार?

सुमनला वाटतं आमंत्रणात काही चुकलं म्हणून देवी कोपली. दर मंगळवारी अनवाणी देवळात जाते. तिच्या तळपायाला भेगा पडल्यात, मी बघतो आणि गप्प बसतो. गल्लीतल्या बायका मनालीची ओटी भरतात. लग्न निघालं की मला अजून बोलावणं येतं — तांडेल, नारळ घेऊन या. मी गुडघा दुखतो म्हणतो. घरी बसून लांबून बेंजो ऐकतो. त्या ठेक्यात आत्ता कोणी ताठ उभं राहिलं असेल तर? त्याचा हात कोणी धरला असेल? गार आहे का तो? माझ्या एका शब्दाने सगळं गाव शिकलंय, की असं झालं म्हणजे देवी आली, हात लावायचा नाही. हे मला माहीत आहे आणि मी गुडघा चोळत बसतो. एकदा उठलो होतो, दारापर्यंत गेलो, चप्पल घातली. परत आलो.

पण खरी भीती ही नाही. म्हणजे हीसुद्धा आहे. पण जी मला उठता-बसता खाते ती वेगळी. आपण काय घेतलं ते मनालीला ठाऊक आहे. ती आईला बोलली नाही, मी बोललो नाही; आमच्या दोघांत ते तसंच पडून आहे. पण मला त्याच वेळी कळलं होतं, हे तिला ठाऊक आहे का? त्या दिवशीचं तिला किती आठवतं? ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली की मी उठून बाहेर जातो. वादळात बोट घातलीय मी, इतका कधी घाबरलो नव्हतो.

गेल्या गुरुवारी मशीन चालू होतं. मी बाजूच्या स्टुलावर. ती छताकडे बघत म्हणाली,

"आजोबा, त्या दिवशी देवळापुढे मी तुमच्या कानात काय बोलले होते का हो?"

मी म्हणालो, नाही गं. देवीचं नाव घेत होतीस.

ती म्हणाली, "मला वाटायचं मी तुम्हाला सांगितलं होतं. म्हणजे सांगायचं राहिलंच माझं. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच नेलं असतं."

आणि तिने माझा हात धरला. मी धरू दिला.

तिने सांगितलं होतं. "आजोबा, गोळी घेतलीय, दवाखान्यात न्या" — इतकं स्पष्ट, बेंजो वाजत असताना मला एकेक अक्षर ऐकू आलं. दोनदा सांगितलं तिने. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगायला लागली, तेव्हा मी भंडारा लावायच्या निमित्ताने हात वर नेला आणि तळहात तिच्या तोंडावर दाबून धरला. तिचे दात माझ्या हाताला लागत होते. लोकांना वाटलं, तांडेल आशीर्वाद घेतोय.