सोंडेच्या पोटातली दोरी

मोहियोद्दीनचाचांनी खांबाच्या बुडाचं झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. पुजा शेजारी फाईल घेऊन उभी होती. फाईलमध्ये चार पानं होती. तिनंच लिहिलेली.

"बेटा," चाचा म्हणाले, "ती पानं फाड."

कळमनुरी तालुक्यातलं ते आडस्टेशन. छोटी लाईन गेली, मोठी आली, आणि गाड्या इथं थांबेनाशा झाल्या. मागं राहिला एक लोखंडी खांब, वर आडवी फिरती नळी. वाफेची इंजिनं होती तेव्हा ती नळी फिरवून त्यांना पाणी पाजायचे. लोक तिला सोंड म्हणतात. आता भंगारवाल्यानं तिच्यावर खडूची फुली मारली होती. ती वाचवा म्हणून चाचांनी अर्ज केला, तेव्हा रेल्वेच्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "गुरुवारी येतो. कुठं बनली ते पुराव्यासकट लिहून द्या. विलायती निघाली तर ठेवू. नाहीतर कापू." आज बुधवार होता.

पुजाला काम सोपं वाटलं होतं. खांबावर पितळी पाटी होती. तिच्यावर इंग्लंडमधल्या कारखान्याचं नाव आणि साल. त्यावरूनच तिनं चार पानं लिहिली होती. मराठीत एम.ए. झालेल्या पोरीला तेवढं इंग्रजी येत होतं.

चाचांची आणि तिची दोस्ती अर्जांवरून झालेली. आखाडा बाळापूरला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. नांगर, फवारणीचे पंप, जे येईल ते. लिहायची वेळ आली की ते तिच्या शिकवणीच्या दारात येऊन उभे राहायचे. पण त्यांचा मूळ धंदा ओतकामाचा. मिसरूड फुटायच्या आधी ते नांदेडच्या कारखान्यात लागले. तीस वर्षं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून साच्यात ओतलं. कारखाना बंद पडला तसे परत आले. पुढं छोट्या लाईनीचं सामान भंगारात जाऊ लागलं, आणि चाचा दर शुक्रवारी नमाजनंतर मोटारसायकल काढू लागले. अकरा सोंडा त्यांनी हातानं चाचपल्या. प्रत्येक कुठली ते सांगितलं. ना पगार, ना कुणाचा हुकूम. त्यांची बायको जैनबबी म्हणायची, "माझे गुडघे एवढे चाचपले असते तर मी पळत सुटले असते."

"काहून फाडू?" पुजानं विचारलं.

"पाटी हिची न्हाई. खांब गोल, पाटी सपाट. कडेची फट बघ. ज्याला पाटी लावायची असते तो ओततानाच तेवढी जागा सपाट ठेवतो. ही कुण्या मोडक्या सोंडेची पाटी. आणून हिला ठोकली."

"मग ही कुठली?"

"तेच विचारून राहिलो तिला."

रुळांपलीकडच्या तांड्यावरचा बाबूसिंग बांधावरून हे बघत होता. तो खांद्यावर बैलाची दोरी टाकून आला. "जनावराच्या डाक्तरावानी हात घातलास, मोहियोद्दीन. वासरू हाय का रेडकू?"

"तुझ्यासारखं निघालं तर परत आत ढकलतो," चाचा डोळे न उघडता म्हणाले.

मग त्यांनी डबीतून चिकणमाती काढली. तेल लावून मळली. गोळा आत नेऊन भिंतीवर दाबला, हळूच सोडवला आणि बाहेर आणला. मातीवर दोरी उमटली होती. पीळन् पीळ दिसत होता.

"लोखंडाच्या पोटात दोरी कुठून आली?" पुजानं विचारलं.

"खांब पोकळ ओतायचा तर साच्यात मधे गाभा ठेवावा लागतो," चाचा म्हणाले. "लोखंडी नळीला दोरी गुंडाळायची, वरून मातीचा लेप. विलायतेत गवताची दोरी वापरतात. खरबरीत असते, लेप धरून ठेवते. इथं कुणीतरी अंबाडीची घेतली. अंबाडी गुळगुळीत. लेप जागोजाग सुटला आणि दोरीचा ठसा बिडात बसला. चूक झाली त्याची. पण चूक इथल्या माणसाची हाय. हा खांब आपल्या मुलखात ओतला."

बाबूसिंग वाकला. खांद्यावरची दोरी काढून त्यानं मातीशेजारी धरली. मस्करी गेली त्याच्या चेहऱ्यावरची.

"पीळ बघ. उलटा. समदे उजवीकडं वळतात, आमच्या घरात डावीकडं. आजा सांगायचा, रेल्वेवाले दोऱ्या न्यायचे. आमाला वाटायचं, बादल्या बांधायला."

पुजानं फाईल उघडली नाही. "चाचा, साहेबांना विलायतीच पाहिजे. आपण गप्प बसलो तर ही वाचेल."

"कोण वाचेल? पाटीवाला वाचेल. ज्यानं ओतला तो तर मेलाच ना."

ती स्टेशनच्या ओट्यावर बसली. चार पानं फाडली. एका पानात जे पाहिलं तेवढंच लिहिलं. दोरी, माती, पीळ. शब्द शोधायची गरज पडली नाही.

गुरुवारी साहेब आले. भंगारवाला मागं कटर घेऊनच होता. साहेबांनी पान वाचलं. मग मातीचा गोळा आणि दोरी शेजारीशेजारी धरून उन्हात नेली. शेवटी शर्टाची बाही वर करून स्वतः हात आत घातला. बराच वेळ काढला नाही.

"पाटीनं तुमचं काम झालं असतं," ते म्हणाले. "माझंही."

"बराबर," चाचा म्हणाले.

"फॉर्मवर देश लिहावा लागतो. कारखाना लिहावा लागतो. काय लिहू?"

"कारखाना मालूम न्हाई. ओतणाऱ्याचं नावही न्हाई. दोरी कुणाच्या घरची ते लिहा."

बाबूसिंगनं घसा खाकरला. साहेबांनी त्याला आजोबांचं नाव विचारलं. वसराम. ते त्यांनी फॉर्मवर उभ्याउभ्याच लिहिलं, आणि भंगारवाल्याकडं न बघता म्हणाले, "हिला हात लावायचा नाही. वरचं मी बघतो."

चाचांनी पाना काढला. पाटीचे चारही बोल्ट सोडवले, पाटी रुमालात बांधली आणि साहेबांच्या हातात दिली. "हिचा खांब शोधा, साहेब. तुटका असला तरी."

पाटीच्या जागी घासलेलं लोखंड उघडं पडलं. पुजानं पदर ओला करून खडूची फुली पुसली. एका पुसण्यात गेली नाही. दुसऱ्यांदा चाचांनी तिच्या हातातून पदराचं टोक घेतलं आणि जोर लावला.