दुपारी पडणारं बिल्ड

"शिल्पा, तू जेवली का बिल्ड पडते," गावंडेसाहेब म्हणाले आणि सगळा हॉल हसला. मीही हसलो.

अमरावतीची आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी. बिल्ड म्हणजे सगळ्यांनी लिहिलेले कोडचे तुकडे जुळवून ग्राहकाला देण्याजोगा एक प्रोग्राम तयार करणं. हे काम स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या सूचना, आपोआप करते. कोणी नवा कोड टाकला की ती चालते. आमची स्क्रिप्ट मी लिहिलेली.

त्या उन्हाळ्यात ती दुपारी फेल होऊ लागली, म्हणजे बिल्ड पडू लागलं. शिल्पा भातकुलीहून यायची, नवीन, अजून प्रोबेशनवर. बाकीचे जेवून कूलरसमोर सुस्त असताना ही कोड टाकायची. लाल खूण तिच्याच नावापुढे. साहेबांनी मला तपासायला सांगितलं की मी लॅपटॉप उघडून स्क्रिप्ट चालवायचो. सगळं हिरवं.

"आता तर चालून राहिलं," मी म्हणायचो. पण कधी चालणारं, कधी न चालणारं काम ग्राहकाला पाठवायची साहेबांची हिंमत होईना.

तिकडे अकोल्याचे दालमिलवाले शेठ फोनवर. वजनकाट्याची पावती छापणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. "हरभरा याले लागला साहेब. देता का हातानं पावत्या फाडू?"

साहेब चिडले. "शिल्पा, या हप्त्यात नाही जमलं तर तुले सपोर्टले टाकतो." सपोर्ट म्हणजे दिवसभर ग्राहकांचे फोन घेणं. प्रोग्रामिंग संपलं.

ती शांतपणे म्हणाली, "सर, आज मी कोडले हातच नाही लावत. जेवण झालं का तुमीच चालवा."

मला मागाहून कळलं, जेवणानंतर साहेबांनी स्वतः चालवलं. फेल.

"आता काहून?"

"शिल्पानं जेवण तर केलं ना," मागून कोणीतरी म्हणालं.

दोघं माझ्या केबिनमध्ये आले. मी दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून डोळे मिटले होते. जेवणानंतर अर्धा तास माझा ठरलेला. वऱ्हाडच्या उन्हात त्याला कोणी नावं ठेवत नाही.

"सर, उठा. लॉग पाहा," शिल्पा म्हणाली. लॉग म्हणजे स्क्रिप्टने काय काय केलं त्याची नोंद. शेवटची ओळ होती: पावतीच्या नमुन्यांचं फोल्डर सापडत नाही. पुढे त्या मशीनचं नाव. माझ्या लॅपटॉपचं.

नमुने सारखे बदलायचे, म्हणून सोयीसाठी ते फोल्डर मी माझ्याच लॅपटॉपवर ठेवलं होतं. मी झोपताना झाकण मिटायचो. मग लॅपटॉपही झोपायचा आणि स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परतायची. तपासायला मी झाकण उघडलं की फोल्डर हजर.

शिल्पा माझ्याकडे पाहत होती.

"नेटवर्कचं असन," मी म्हणालो. फोल्डर कायम चालू असणाऱ्या सर्व्हरवर हलवलं, स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. हिरवं.

"याले म्हणतात अनुभव," साहेब म्हणाले.

अकोल्याला त्याच संध्याकाळी व्हर्जन गेलं. शिल्पा पर्मनंट झाली. पुढे मी कंपनी सोडली, तेव्हा निरोप समारंभात साहेबांनी हाच किस्सा रंगवून सांगितला आणि मला आरामखुर्ची भेट दिली. मी ती घेतली.

आता ती टीम शिल्पा चालवते. तिचा नियम आहे: बिल्डने कोणाच्याही स्वतःच्या मशीनवरून काही घ्यायचं नाही. परवा तिथल्या नव्या मुलीचा फोन आला. "सर, हा नियम काहून केला? मॅडम म्हणते, सरले विचारा."

म्हणून हे लिहिलं. बिल्ड पडलं की सगळे विचारतात, त्या वेळी काम कोण करत होतं. झोपलं कोण होतं, तेही विचारावं.