डोकेदुखीचं सोंग
महायुद्धाच्या दिवसांत मिरजेच्या एका इस्पितळाच्या ओसरीवर माणमधला एक मेंढपाळ माझ्या शेजारी बसला होता. वर्षभर त्याचे डोके दुखत होते. देवऋष्याने अंगारा लावला, वैदूने कानशिलावर डाग दिले, साताऱ्यात दोन दाढा काढल्या, सांगलीत चष्मा लागला. तो चष्मा तो पटक्याच्या टोकाने सारखा पुसत होता.

"समदी भली मानसं. दोन दिस तरी बरं वाटायचं," तो मला म्हणाला.

"मेंढरं राखायची म्हटलं की दुखतंय ह्यांचं," पलीकडे बसलेल्या त्याच्या बायकोने टोला दिला. तो हसला.

डॉक्टरांनी दिवा धरून त्याचे डोळे पाहिले. डोळ्यांमागची नस सुजली आहे, मेंदूत गाठ असावी, मुंबईला नेऊन कवटी उघडावी लागेल, असे त्यांनी सांगितले. ते गेल्यावर तो बायकोकडे वळला. चेहरा चक्क उजळला होता.

"बगितलंस? सोंग न्हवतं माझं."

तिने पदराने त्याचे कपाळ टिपले. "आवं, सोंग आसतं तर लय बरं झालं आसतं."